अठ्ठेचाळीस तासांचा मस्टर

आकारामचं अक्षर माधवनगरात नावाजलेलं होतं. लग्नपत्रिकेवर नावं घालायची असोत की शाळेच्या दाखल्याचा अर्ज लिहायचा असो, माणसं आधी त्याचं दार वाजवायची. बारा वर्षं तो गिरणीच्या टाइम ऑफिसात होता. कोण कितीला आत आला, कितीला बाहेर पडला, कुणाला पाळी संपल्यावरही पंधरा मिनिटं थांबावं लागलं, हे सगळं तो लिहायचा आणि ती पंधरा मिनिटंसुद्धा सोडायचा नाही. एकदा एक जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, म्हणाला, "धा मिंटानं काय हुतंय रं?" तेव्हा आकारामने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "ती धा मिंटं माणसाची असत्यात, गिरणीची न्हवं." असं बोलणारा माणूस पुढे काय काय लिहून बसला, त्याची ही हकिकत.

गिरणी बंद पडली तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. भोंगा थांबल्यावर कितीतरी दिवस माधवनगरातल्या माणसांना जेवणाची वेळ कळेना, झोपेची कळेना. मग जो तो मिळेल त्या कामाला लागला. कुणी भाजीचा गाडा लावला, कुणी साखर कारखान्यावर हंगामी लागला. आकारामची बायको अक्काताई चार घरचे पापड लाटू लागली, आणि आकाराम सांगलीत मारुती रोडला, विष्णुपंतांच्या 'वल्लरी साडी सेंटर'मध्ये सेल्समन म्हणून उभा राहिला. साड्या खपवण्यात त्याला गती नव्हती. इरकल कुठली आणि नारायणपेठ कुठली, हे त्याला गिऱ्हाईक बायकांनीच शिकवलं. पंतांनी त्याला ठेवून घेतलं ते अक्षरासाठी.

"शॉप ॲक्टचा मस्टर तुम्ही बघायचा," पंत पहिल्याच दिवशी म्हणाले. "तुम्ही गिरणीतले. नियम तुम्हाला तोंडपाठ."

नियम तोंडपाठ होतेच. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, मध्ये विसावा, आणि एक वार पूर्ण सुट्टी. दुकान मात्र सकाळी नऊला उघडायचं आणि रात्री साडेनऊला मिटायचं. मध्ये अर्धा तास, तोही गिऱ्हाईक नसेल तर, मागच्या खोलीत डबा. सुट्टीच्या वारीसुद्धा नऊ ते एक काम. पहिल्याच महिन्यात आकारामने जुन्या सवयीने गोळाबेरीज केली. आठवड्याचे शहात्तर तास भरले. मस्टरात त्याने लिहिलं, सकाळी नऊ ते एक, दुपारी चार ते आठ. आठ सक अठ्ठेचाळीस. उरलेले अठ्ठावीस तास कुठे गेले ते मस्टरला ठाऊक नव्हतं आणि तपासायला येणाऱ्या साहेबाला विचारायचं नव्हतं. मुंबईत कुणी हुशार माणूस असे सगळे मस्टर जमवून सरासरी काढत असेल, तर त्याने ती खुशाल काढावी. खोट्याची सरासरी खोटीच येते, फक्त छापल्यावर जरा बरी दिसते.

दर महिन्याच्या एक तारखेला, दुकान झाडून झालं की चौघे जण मस्टरभोवती बसत आणि त्या अख्ख्या महिन्याच्या सह्या आगाऊच, एका दमात करून मोकळे होत. रोज उठून कोण सह्या करणार? चौघांतला एक आकाराम. दुसरा बुधगावचा कृष्णात, त्याच्याच वयाचा. बाईच्या पायातली चप्पल बघून ती किती भारी साडी घेणार हे तो सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही. तिसरा जोतिबा, नुकतं लग्न झालेला. चौथा म्हातारा कोंडीबा, ज्याला कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू यायचं नाही. आकाराम आणि कृष्णात रोज सायकलीवर जोडीनेच यायचे. चार वर्षांत त्यांचं एकमेकांवाचून पान हलेनासं झालं होतं.

आता सुट्टीच्या वाराचं सांगायला हवं. आठवडाभर गिऱ्हाइकांपुढे उलगडलेल्या साड्यांचा ढीग व्हायचा, त्यांच्या घड्या त्या दिवशी घालायच्या. पूर्वी अर्धं शटर ओढून हे काम चाले. पण आकाराम लागल्यावर महिन्याभरातच शेजारच्या भांडीवाल्याला साहेबाने अर्ध्या शटरखाली वाकून पकडलं आणि दंड केला. तेव्हापासून पंतांनी नवी रीत काढली. नऊला चौघांना आत घ्यायचं, शटर पूर्ण खाली ओढायचं, बाहेरून कुलूप लावायचं, किल्ली खिशात घालून गावभागात घरी जायचं आणि एकला येऊन उघडायचं. आत एक ट्यूबलाइट. फोन होता, पण कुणी परस्पर ट्रंककॉल करू नये म्हणून त्याच्या डायललाही कुलूप. आणि पंतांची एकच ताकीद, "आवाज नको. बाहेर कुणी काही विचारलं तरी हूं की चूं नको." चौघांना ती इतकी अंगवळणी पडली होती की सुट्टीच्या वारी ते खोकतसुद्धा पदरात, म्हणजे हातात असेल त्या साडीच्या पदरात. घरी मात्र हे कुणीच सांगितलं नव्हतं. माणसाला कोंडून घालून काम करून घेतात, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं? "सुट्टीला जरा काम असतंय," एवढंच सांगून निघायचं.

पंत वाईट नव्हते, हीच खरी अडचण होती. दिवाळीला घरटी साडी द्यायचे, सुट्टीच्या वारी जमलं तर अकराला किटलीतून चहा घेऊन स्वतः यायचे. अशा माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं?

शहाण्णव सालच्या मे महिन्यातली तेरा तारीख. लग्नसराईने दुकानाचा नुसता उकिरडा झालेला, साड्यांचा ढीग कमरेएवढा. सुट्टीचा वार होता. दहाच्या सुमाराला कृष्णातने हातातली साडी खाली ठेवली.

"आकाराम, छातीत कसंतरी हुतंय रं."

"वारा धरला असंल. पड जरा."

त्याला गादीवर निजवलं. कपाळावर घाम डवरला होता, पण मे महिना, बंद दुकान, घाम कुणाला नव्हता? थोड्या वेळाने तो डावा हात चोळू लागला आणि कण्हू लागला. तेव्हा जोतिबा घाबरला. त्याने कापड मोजायचा लोखंडी गज उचलला आणि शटरवर चार दणके घातले.

आकारामने धावत जाऊन त्याच्या हातातून गज काढून घेतला.

"आरं, गप! अकराला पंत येत्यात च्या घिऊन. साहेब आला तर समद्यांची नोकरी जाईल."

इतक्यात बाहेरून शटरवर थाप पडली. कुणीतरी विचारत होतं, "आत कोण हाय का हो? ओ, आत कोण हाय का?"

आणि काय झालं, ते आकारामला जन्मभर उमगलं नाही. त्याचा हात आपोआप वर गेला आणि त्याने ट्यूब बंद केली. जोतिबाने श्वास धरला. कृष्णातनेसुद्धा, त्या तसल्या कळांमध्येसुद्धा, साडीचा बोळा तोंडात धरून कण्हणं दाबलं. आळीमिळी गुपचिळी. बाहेरचा माणूस दोन-तीनदा हाका मारून निघून गेला. तो साहेब नव्हता एवढं मागाहून कळलं. कोण होता ते कधीच कळलं नाही.

अकराला पंत आले नाहीत. ते मिरजेला कुणाच्या साखरपुड्याला गेले होते. अकरानंतर मात्र कोंडीबाला कृष्णातजवळ बसवून आकाराम आणि जोतिबाने शटर बडवलं, हाका घातल्या, घसा फोडून ओरडले. पण बंदचा दिवस आणि वैशाखातलं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाराच्या आसपास कृष्णातचं कण्हणं थांबलं. जोतिबा म्हणाला, "झोप लागली वाटतं." आकारामने कृष्णातचा हात हातात घेतला होता आणि तो गार लागत होता.

पंत सव्वा वाजता आले. रिक्षातून दवाखान्यात नेलं, पण न्यायला काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, दुखायला कुठे आणि कधी लागलं? पंतच म्हणाले, "माझ्याकडे रजा मागायला घरी येत होता. रस्त्यातच पडला म्हणे." डॉक्टरांनी आकारामकडे बघितलं. आकारामने फरशीकडे बघितलं. पहिलं खोटं तिथे झालं, आणि तेही त्याला बोलावं लागलं नाही.

कृष्णातच्या मागे त्याची बायको बनुबाई आणि दोन पोरी. तिचा भाऊ मानसिंग फौजेत हवालदार होता. तो रजा काढून आला, आणि दिवसकार्य झाल्यावर त्याने शॉप ॲक्टच्या कचेरीत अर्ज दिला. माणूस कामावर असताना गेला, मालकाने भरपाई द्यावी. अर्जात दुसरं काही नव्हतं. कृष्णात त्या दिवशी कामावर होता की नव्हता, एवढाच सवाल होता आणि त्या तिघींचं पुढचं सगळं त्यावर लोंबकळत होतं. जोतिबा तोवर नोकरी सोडून कराडला निघून गेला होता. मानसिंग त्याला तिथे जाऊन भेटला, तर तो मान खाली घालून म्हणाला, "आकारामदा सांगतील ते खरं." कोंडीबाने कानाला हात लावला. राहता राहिला आकाराम.

चौकशीची नोटीस आली त्या दिवशी पंतांनी आकारामला मागच्या खोलीत नेलं आणि मस्टर पुढे ठेवला. कृष्णातच्या सह्या मे महिन्याच्या एकतीस तारखेपर्यंत होत्या. मेलेला माणूस मेल्यावर अठरा दिवस कामावर येत होता.

"हा बदलायला हवा," पंत म्हणाले. "जानेवारीपासून नवा लिहा. खाडाखोड नको."

"पंत, त्यो आत हुता. म्या सांगाय पायजे."

पंतांनी मस्टर मिटला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सांगा. पण लोक विचारतील, आत होतात तर ओरडला का नाहीत? जोतिबाने मला सगळं सांगितलंय, आकाराम. गजाचंही."

दगडाखाली हात सापडला तो असा. नोकरीची भीती होतीच, पण नोकरीवर कदाचित त्याने पाणी सोडलं असतं. माणूस गिरणी गेल्यावरही जगतो. पण खरं सांगायचं तर ते अर्धं सांगता येत नव्हतं. कृष्णात आत होता म्हणावं, तर मग दिवा कुणी मालवला?

दोन दुपारी बसून त्याने पाच महिन्यांचा मस्टर नवा लिहिला. दर महिन्याला पेन बदललं, म्हणजे शाई एकसारखी दिसू नये. जोतिबाची सही केली, कोंडीबाचा अंगठा घेतला. कृष्णातची सही त्याला पाठ होती, शेवटच्या अक्षराला खाली ओढलेली शेपटी. ती त्याने बारा तारखेपर्यंत ओढली. तेरा तारखेवर लिहिलं, साप्ताहिक सुट्टी. चौदापासून रेघ मारली. काम सुबक झालं होतं, आणि ते सुबक झाल्याचं त्याला क्षणभर बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची त्याला नंतर किळस आली.

साहेब जूनमध्ये आले. सरळ माणूस होता. काउंटरवर बसून त्यांनी मागच्या वर्षांचे मस्टर चाळले आणि यंदाचा पहिल्या पानापासून बघितला. समोर मानसिंग उभा, दारापाशी पदर घट्ट लपेटून बनुबाई.

"तेरा तारखेला दुकान बंद होतं?"

"बंद हुतं, सायेब."

"मयत कामावर होता?"

"न्हाई."

"तुम्ही कुठे होता?"

"घरी."

मानसिंगचा आवाज चढला. "आकारामदा, तुमच्या आईची आण घिऊन सांगा! माझा दाजी दर सुट्टीला घरातनं निघायचा का न्हाई?"

"शपथेची गरज नाही," साहेब म्हणाले. "मस्टर आहे ना. चार वर्षं प्रत्येक सुट्टीला सुट्टीच आहे." आणि मस्टर मिटताना आकारामकडे बघून म्हणाले, "अक्षर सुंदर आहे हो तुमचं."

अर्ज निकालात निघाला. मानसिंग पंतांच्या नावाने शिव्या घालत बसथांब्याकडे गेला. बनुबाई मात्र आकारामसाठी रस्त्यावर थांबली होती. तो सायकल घेऊन बाहेर पडला तशी पुढे आली.

"भावजी, तुमी खोटं लिवनार न्हाई. मला ठावं हाय." ती जरा अडखळली. "पन मग दर सुट्टीला नऊच्या आत आवरून ते कुटं जायाचे? चार वर्सं?"

आकारामच्या हे ध्यानीमनी नव्हतं. भरपाई बुडेल, एवढंच त्याने धरलं होतं. मेलेल्या माणसाचे चार वर्षांचे सुट्टीचे वार आपण पुसून टाकले, आणि त्या रिकाम्या जागी बायको काय काय कल्पून बसेल, हे त्याला सुचलंच नव्हतं. ती वाट बघत उभी होती.

"मला काय ठावं, वैनी," तो म्हणाला आणि सायकलीवर टांग टाकली.

बुधगावात मग जे व्हायचं ते झालं. मिरजेत कुणीतरी बाई होती म्हणे. कुणी म्हणे मटका, कुणी म्हणे दोन्ही. अक्काताईच्या कानावर आलं तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "त्यो तसला न्हवता वं. तुमी काय बोलत का न्हाई?" आकाराम ताटावरून उठला आणि हात धुऊन टाकले.

पावसाळा सरता सरता पंतांचं मन द्रवलं. सुनं घर आहे, दोन पोरी आहेत, माणुसकी म्हणून काही करायला हवं. त्यांनी बनुबाईला दुकानात कामाला ये म्हणून निरोप धाडला. फॉल लावायचा, घड्या घालायच्या. मानसिंग तिकडे जम्मूला होता. विचारायला कुणी नव्हतं आणि पोटाला नाही म्हणता येत नाही. ती आली. आकारामने मस्टरात तिचं नाव घातलं. पहिली मोकळी ओळ कृष्णातचीच होती. पहिला आठवडाभर ती खाली मान घालून काम करत राहिली. नवऱ्याचं नाव तिने एकदाही घेतलं नाही. दुसऱ्या कुणी काढलं तर तोंड फिरवून घ्यायची, आणि ते आकारामला दिसायचं.

मग सुट्टीचा वार आला. "उद्या थोडं घड्यांचं काम आहे, एकपर्यंत," एवढंच पंतांनी तिला सांगितलं होतं. नऊला आकाराम, कोंडीबा आणि ती, तिघे आत गेले. कोंडीबाने ट्यूब लावली आणि गादीवर बसून पहिली साडी ओढली. मागे शटर खडखडत खाली आलं. बाहेर कडी सरकली, कुलूप लागलं, पंतांच्या चपला दूर गेल्या.

बनुबाईचा हात घडीवरच थांबला.

"भावजी, भाईरनं कुलूप घातलं?"

"व्हय."

"का?"

"सुट्टी हाय न्हवं. दुकान बंद दिसाय पायजे."

ती शटरकडे बघत राहिली, मग साड्यांच्या ढिगाकडे, मग कोंडीबाकडे. तो न ऐकू येणारा म्हातारा घडीवर घडी टाकत होता.

"ह्ये कवापासनं हाय असं?"

आकारामने हातातली घडी उलगडून पुन्हा घातली. "लय दिस झालं. चार-साडेचार वर्सं."

"दर सुट्टीला?"

"दर सुट्टीला."

"म्हंजी ते हितं यायचे." तिचा आवाज एकदम खाली गेला. "हितंच यायचे व्हय? हितं बसून घड्या घालायचे?"

"व्हय, वैनी."

बनुबाई मटकन खाली बसली. रडली नाही. गादीचं पांढरं कापड तिने हाताने सारखं केलं, पुन्हा सारखं केलं.

"लय वंगाळ बोलले मी त्यास्नी, भावजी," ती म्हणाली. "रोज बोलले. फोटूला हार घालाय सासू सांगायची, तर फोटू पालता घालून ठिवला मी. पोरींस्नी सांगितलं, बाऽच्या नावानं रडायचं न्हाई म्हून."

आणि आकारामने सांगायला सुरुवात केली. थांबवेना. डाव्या हाताच्या कळा सांगितल्या, जोतिबाचे चार दणके सांगितले, त्याच्या हातातून गज कुणी काढून घेतला ते सांगितलं, बाहेरच्या माणसाच्या हाका सांगितल्या, दिवा कुणी मालवला ते सांगितलं, तोंडातला साडीचा बोळा सांगितला. मस्टरातली सही कुणाची ते सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर तो गुडघ्यांत मान घालून बसला. कोंडीबाने मध्येच दोघांकडे बघितलं, हसला, आणि पुढची साडी ओढली.

बनुबाई म्हणाली, "सरका तिकडं. माझ्याजवळ बसू नगा."

तो उठला. दुकान बारा फुटांचं. तो भिंतीला पाठ लावून दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला, तरी ती त्याच्या समोरच होती आणि तो तिच्या समोर. घड्याळात साडेनऊ झाले होते. पंत यायला अजून साडेतीन तास होते.